दुसऱ्याच्या घराची तावदाने

बाहेरगावी नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्या माणसांनी, बदलीचा हुकूम आला म्हणजे आपण काय बरोबर नेतो आणि काय मागे ठेवतो, याची एकदा मनाशी यादी करून पाहावी. पडदे नेतो, पडद्यांचे दांडेही नेतो. तुळशीची कुंडी गोणपाटात बांधून ट्रकवर चढवतो. भिंतीतले खिळेसुद्धा उपटून नेणारे काटकसरी गृहस्थ माझ्या पाहण्यात आहेत. मागे राहतो तो देवाच्या तसबिरीमागचा भिंतीवरचा उजळ चौकोन, आणि शेजाऱ्यांच्या बोलण्यात चार दिवस आपले नाव. परंतु एक वस्तू अशी आहे की, तिच्यासाठी पैसे आपल्या खिशातून जातात आणि निघताना ती काही केल्या बरोबर नेता येत नाही. खिडक्यांच्या तावदानांवर आणि काचेच्या दारांवर चिकटवण्याची संरक्षक फिल्म ही ती वस्तू होय. ती एकदा बसली की काचेची होते. काच घराची असते. आणि घर तर आपले नसतेच. या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूने गेल्या वर्षी मला एका प्रश्नापाशी आणून उभे केले. तो प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाच्या दाराशी कधी ना कधी येतो, म्हणून तो येथे मांडावासा वाटतो. जे घर आपले नाही, त्यातल्या धोक्याचे आपण कोण लागतो?

दिल्लीत मला मिळालेले निवासस्थान तळमजल्यावरचे आहे. पूर्वीच्या कोणा रहिवाशाने पुढचा व्हरांडा लाकडी चौकटी आणि काचा लावून बंद करून घेतला होता. हिवाळ्यात तेथे सुरेख ऊन येते, आणि दिल्लीच्या जानेवारीत ऊन म्हणजे काय चीज आहे, हे ज्याने ती थंडी भोगली आहे त्यालाच कळेल. या व्हरांड्याच्या दाराचे एक मोठे तावदान मी राहायला आलो तेव्हापासूनच सैल होते. त्याच्या कडेचे लुकण वाळून गळून गेले होते, आणि खालच्या कोपऱ्यात केसासारखी एक चीर होती. मी त्या चिरेवर चिकटपट्टी लावली, देखभालीच्या नोंदवहीत तक्रार लिहिली, तिचा क्रमांक घेतला आणि निश्चिंत झालो. नोंद झाली की काम झाले, ही आपल्या व्यवसायातील विसाव्याची मोठी जागा आहे.

मे महिन्यातील एका संध्याकाळी आंधी आली. पश्चिमेचे आकाश आधी पिवळे, मग तांबूस होते, वारा क्षणभर थबकतो, आणि पाठोपाठ धुळीची भिंतच अंगावर येते. उत्तरेत राहिलेल्यांना हे वर्णन करून सांगायला नको. दार धाडकन आपटले आणि ते तावदान निखळून फुटले. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या बाईंची सात वर्षांची मुलगी तेथे भिंतीला टेकून शाळेची वही लिहीत बसली होती. ती नेहमी तेथेच बसे. आतल्या खोलीत यायला तिला कोणी मनाई केली नव्हती, आणि कोणी बोलावलेही नव्हते. तिच्या उजव्या हाताला कोपराखाली लांब जखम झाली. नऊ टाके पडले. जखम पुढे भरली, हात नीट चालतो, व्रण मात्र राहिला आहे. त्या रात्री दवाखान्यातून परतताना मुलीच्या आईने मला, विभागाला किंवा नशिबालाही बोल लावला नाही. “आंधी थी, साहब,” एवढेच ती म्हणाली. मला दोषमुक्त करणारे ते वाक्य मला सहन होईना. ते पुरते खरे नाही, हे तिला ठाऊक नव्हते; मला ठाऊक होते.

चौकशी करण्याची सवय हाताला लागलेली असल्यामुळे मी मनातल्या मनात चौकशी सुरू केली. वाऱ्यावर आरोपपत्र ठेवता येत नाही. ज्याने व्हरांडा बंद केला त्याने स्वस्तातली साधी काच बसवली. पण तो कोण आणि आज कोठे, हे वसाहतीत कोणालाच सांगता येईना. देखभाल करणाऱ्यांकडे माझी तक्रार होती, पण अशा तक्रारींचा ढीगही होता. राहता राहिले माझ्या आधीचे रहिवासी. त्यांची पत्रे अजून माझ्या पत्त्यावर येत, त्यामुळे आमचे फोनवर बोलणे होत असे. एकदा सहज विषय काढला. ते म्हणाले, “ती काच ना? ती मी होतो तेव्हापासूनच हलत होती. पण बदली आज होईल, उद्या होईल, असे चालले होते. मग म्हटले, आता कशाला हात लावा?” ते सज्जन गृहस्थ आहेत. त्यांचा राग येणे मला शक्य नव्हते, कारण त्यांच्या तोंडचे वाक्य दोन वर्षे माझ्याच मनात मुक्कामाला होते. एका काचेचा धोका दोन सुशिक्षित माणसांनी एकमेकांच्या हाती बिनबोभाट सोपवला होता. चार्ज देताना आपण किल्ल्या मोजतो, दिवे मोजतो, नळाच्या तोट्या मोजतो. ‘मला ठाऊक असलेले धोके’ असा रकाना मात्र त्या कागदात नसतो.

घराच्या धोक्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न फार जुना आहे. बाबिलोनच्या हम्मुराबीच्या कायद्यात, घर पडून मालक मेला तर ते बांधणाऱ्याला मृत्युदंड सांगितला आहे. ज्यूंच्या धर्मशास्त्रात, नवे घर बांधणाऱ्याने त्याच्या धाब्याला कठडा घालावा, म्हणजे कोणी पडल्यास त्या रक्ताचा दोष घराला लागणार नाही, अशी आज्ञा आहे. आपल्याकडे विहिरी आणि तळी खोदणे, वाटसरूंसाठी झाडे लावणे, धर्मशाळा उभारणे यांना ‘पूर्त’ म्हणून यज्ञाच्या जोडीला बसवले. या तिन्ही ठिकाणी दोष असो की पुण्य असो, ते बांधणाऱ्याच्या पदरी जाते. सरकारी घरात राहणारा मनुष्य बांधणाराही नव्हे आणि मालकही नव्हे. तो त्या धर्मशाळेतला वाटसरू आहे. त्याचा मुक्काम रात्रीपुरता नसून तीन वर्षांचा आहे, एवढेच. धर्मशाळेच्या विहिरीचा कठडा ढासळलेला त्याला दिसला, तर त्याने काय करावे? आपले पाणी काढून पुढच्या मुक्कामाला निघावे, की चार दगड रचून ठेवावेत?

मला सुचणारे उत्तर असे आहे: जबाबदारी मालकीच्या मागोमाग येते हे खरे, पण ती तेवढ्या एकाच वाटेने येत नाही, ती ज्ञानाच्या मागोमागही येते. काच सैल आहे हे मला कळले नव्हते, तोवर मी त्या घरातला एक रहिवासी होतो. कळल्यानंतर मी त्या धोक्याचा राखणदार झालो. तसा हुकूम कोणी काढला नसला तरीही. येथे मला एका दूरच्या शहरातील घटना आठवते. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कच्या आकाशात एक उल्का फुटली. लखलखाट पाहून लोक कुतूहलाने खिडक्यांशी गेले, आणि काही वेळाने येऊन पोचलेल्या हवेच्या धक्क्याने हजारो इमारतींची तावदाने फुटली. सुमारे १,५०० माणसांना उपचार घ्यावे लागले. त्यांतील बहुतेकांच्या जखमा काचेच्या होत्या. तेथील एका शाळेतील शिक्षिकेने लखलखाट दिसताच आपल्या वर्गातील मुलांना बाकांखाली बसायला लावले. मुले वाचली, ती स्वतः उभी राहिली आणि काचेने जखमी झाली. तो प्रकाश कशाचा, हे तिला ठाऊक नव्हते. एवढ्याशा कळण्यावर तिने एवढे केले. मला तर सारे काही कळत होते, आणि तक्रारीचा क्रमांकही पाठ होता.

आता थोडे काचेविषयी. साध्या काचेचा दोष ती फुटते हा नव्हे. ती कशी फुटते, हा आहे. फुटल्यावर तिचे लांब, सुरीसारखे तुकडे होतात. काच खूप तापवून एकदम थंड केली तर ती टणक होते, आणि फुटलीच तर तिचे बारीक, बोथट दाणे होतात. दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा थर घालून त्या एकजीव केल्या, तर काच तडकूनही तुकडे त्या थराला धरून राहतात. मोटारीची पुढची काच अशी असते. या दुसऱ्या युक्तीचे श्रेय फ्रान्समधील एदुआर बेनेदिक्तुस यांच्याकडे जाते. १९०३ साली त्यांच्या प्रयोगशाळेत एक काचेचे पात्र उंचावरून पडले, तडकले, पण विखुरले नाही. आत सेल्युलोज नायट्रेटचा वाळलेला पापुद्रा होता, असे सांगतात. १९०९ साली त्यांनी या काचेचे पेटंट घेतले. सामान्य माणसानेही हेच तत्त्व आपल्या ऐपतीप्रमाणे ओळखले होते. दुसऱ्या महायुद्धातील लंडनमध्ये घरोघरी तावदानांवर कागदी पट्ट्यांच्या फुल्या चिकटवल्या गेल्या, आणि १९७१ च्या युद्धात काळे कागद लावलेल्या आपल्या शहरांतूनही तशा पट्ट्या दिसत. मुंबईच्या माणसाला तर काचेचे भय समजावून सांगायला नको होते. १४ एप्रिल १९४४ रोजी गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा कित्येक मैलांवरच्या घरांची तावदाने फुटली होती.

घरात बसलेल्या काचा काढून सुरक्षित काचा घालणे खर्चाचे, आणि परक्या घरात बरेच खटपटीचेही काम असते. फिल्म हा त्यातला मधला मार्ग होय. ती पॉलिएस्टरची, पारदर्शक आणि एका अंगाने चिकट असते. घरगुती उपयोगाची फिल्म साधारण १०० मायक्रॉन जाड असते, म्हणजे आपल्या कचेरीतील साध्या कागदाएवढी. ज्या कागदावर आपण आयुष्य काढले, तेवढ्याच जाडीची एक वस्तू काचेचे सुरे धरून ठेवते, हे प्रथम कळले तेव्हा मला थोडी गंमत वाटली आणि थोडी लाजही.

परवानगी काढून मी कारागीर बोलावला. सैल काचांवर फिल्म लावायला त्याने साफ नकार दिला. त्याचे म्हणणे असे की, फिल्म तुकड्यांना धरते, पण काचेला धरते ती चौकट; चौकटच धरीत नसेल तर सबंध काच एकसंध अंगावर येईल. म्हणून फुटलेले तावदान नवे घालून आणि बाकीची लुकणाने पक्की करून घेऊन दोन आठवड्यांनी त्याला पुन्हा बोलावले. त्याने पात्याने जुन्या रंगाचे ठिपके खरवडले, काचा पुन्हापुन्हा धुतल्या, त्यांच्यावर आतल्या बाजूने साबणाच्या पाण्याचा फवारा मारला, फिल्मचे अस्तर सोलून ती ओल्या काचेवर सरकवीत नेमकी बसवली, आणि रबरी पट्टीने मध्यापासून कडांकडे पाणी लोटीत नेले. धुळीचा एक कण आत राहिला तरी तो कायमचा दिसत राहतो, म्हणून पंखा बंद आणि दारेही बंद. दिल्लीच्या जून महिन्यात त्या कोंडलेल्या व्हरांड्यात तो चार तास घाम पुसत उभा होता. काम संपले तेव्हा काचेवर धुरकट डाग दिसत होते. आत राहिलेले पाणी महिनाभरात सुकेल, तोवर हात लावू नका, असे त्याने बजावले. मी विचारले, आता काच फुटणार नाही ना? तो हसला आणि म्हणाला, “शीशा तो टूटेगा, साहब. बिखरेगा नहीं.”

सुरक्षिततेची जी आश्वासने आपण देतो आणि घेतो, ती बहुधा न फुटण्याची असतात. अमुक घडणार नाही, अशी ग्वाही आपण कागदोपत्री देत असतो, आणि घडले म्हणजे ती ग्वाही कोणी दिली याचा शोध घेत बसतो. त्या कारागिराचे आश्वासन अधिक मर्यादित होते, आणि म्हणून अधिक प्रामाणिक होते. वारा सुटणार, काच तडकणार, कागद ढिगात पडून राहणार, चांगल्या माणसाचाही आळस होणार. हे मुळीच होऊ देणार नाही, असे म्हणणे हा गर्व झाला. आपल्या घरात जे फुटेल त्याचे तुकडे दुसऱ्याच्या अंगावर जाऊ नयेत, एवढी तजवीज मात्र माणसाच्या आवाक्यातली आहे.

तरीही सुरक्षितता या एका शब्दाखाली फार निरनिराळ्या इच्छा दडलेल्या असतात. त्याच कारागिराच्या पेटीत आरशासारखी चकाकणारी फिल्म होती; दिवसा तिच्यातून आतल्याला बाहेरचे दिसते, बाहेरच्याला आतले दिसत नाही. २०० मायक्रॉनची जाड फिल्म होती. काच फोडून घरात शिरू पाहणाऱ्याला ती काही वेळ अडवते. मोटारींच्या काचांवरची काळी फिल्म तर आपल्या वर्गाला चांगलीच परिचित होती. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला मनाई केली. या सगळ्या वस्तू एकाच जातीच्या आहेत. फरक वस्तूत नाही, ती कोणासाठी लावली यात आहे. एक मला जगापासून वाचवते; दुसरी माझ्या घरापासून दुसऱ्याला वाचवते. स्वतःला जपण्याची इच्छा स्वाभाविक आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही; पण तिला कर्तव्य म्हणू नये. कर्तव्याचा आरंभ, माझ्या दाराशी येणाऱ्याला माझ्यापासून काय अपाय होऊ शकतो, या विचाराने होतो.

माझ्या या कृतीवर दोन आक्षेप आले, आणि दोन्ही वजनदार होते. पहिला एका स्नेह्यांचा. ते म्हणाले, “तुम्ही स्वतःच्या पैशाने हे करून घेतलेत, म्हणजे ज्यांचे ते काम त्यांना मोकळे केलेत. उद्या ते म्हणतील, रहिवासी आपापले पाहून घेतात. आणि ज्याला परवडत नाही त्याच्या घरची काच आहे तशीच राहील.” हे खरे आहे. खासगी सत्कृत्याने सार्वजनिक कर्तव्याला झोप लागते, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. म्हणून मी तक्रार मागे घेतली नाही. वसाहतीतील काचबंद व्हरांड्यांची यादी करून ती रहिवाशांच्या संघामार्फत पाठवली. माणूस आपटण्याचा संभव असलेल्या ठिकाणी काच कशी असावी, यासाठी भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १६२३१ या संहितेचा चौथा भाग आहेच, त्याचाही उल्लेख केला. परंतु सार्वजनिक उपाय येईपर्यंत माझ्या हातातला उपाय रोखून धरणे, म्हणजे माझ्या तत्त्वासाठी दुसऱ्याच्या मुलाचा हात तारण ठेवणे झाले असते. मागणी आणि उपाय या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. फक्त त्यांतील एक केली म्हणून दुसरीतून सुटका होत नाही.

दुसरा आक्षेप माझ्या पत्नीचा. ती म्हणाली, “धोक्यांना अंत आहे का? आज काच झाली; उद्या गॅसची नळी, परवा जिन्याची ओली पायरी, गच्चीच्या कठड्यावरची कुंडी. अशाने राहायचे कधी?” सर्व धोके निवारायला निघालेला माणूस घराचा तुरुंग करतो, हे तिचे म्हणणे मला मान्य आहे. पण अंत नाही म्हणून आरंभही नको, हे मला पटत नाही. मी मनाशी तीन प्रश्न ठरवले आहेत. धोका मला ठाऊक आहे का? तो बेताच्या खर्चात आणि श्रमात कमी करणे माझ्या हाती आहे का? आणि इजा झाली तर ती कोणाला होईल? मी स्वतः गच्चीच्या कडेला उभा राहिलो तर तो धोका मी राजीखुशीने पत्करलेला असतो. त्या मुलीने काहीच पत्करले नव्हते. घर तिचे नव्हते, काच तिची नव्हती, तेथे बसण्यावाचून तिला दुसरी जागा नव्हती. तिन्ही प्रश्नांची उत्तरे जेथे एका दिशेला जातात, तेथे विचार थांबवून कामाला लागावे. आता ती मुलगी आत, आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून वही लिहिते. या उपायाला तर एक पैसाही लागला नाही, आणि तो मला फिल्मपेक्षाही उशिरा सुचला.

अशा कामाचे यश दिसत नाही, ही त्याची अडचण आहे. घडलेल्या अपघाताचा अहवाल होतो. न घडलेल्या अपघाताचा कागद कोणत्याच फायलीत जात नाही. विहीर बांधणाऱ्याचे नाव निदान शिळेवर कोरतात; नीट बसलेली फिल्म नीट बसली आहे याची खूणच ही की, ती दिसत नाही. माझ्यानंतर येणारे गृहस्थ हिवाळ्यात त्या व्हरांड्यात उन्हाला बसतील, आणि काचेतून पाहताना त्यांना समोरचा कडुनिंब दिसेल. आणखी काही दिसण्याची गरज नाही.

बदलीचा हुकूम गेल्या आठवड्यात आला. पडदे उतरले आहेत, पुस्तकांची खोकी बांधून झाली आहेत. किल्ल्यांची आणि दिव्यांची यादी नेहमीच्या नमुन्यात भरून झाल्यावर मी एका वेगळ्या कागदावर टिपण लिहिले, ते असे: ‘व्हरांड्याच्या सर्व काचांना आतून संरक्षक फिल्म लावली आहे. मऊ ओल्या कापडाने पुसावी; अमोनिया असलेले द्रावण किंवा खरखरीत घासणी लावू नये. कडा सुटू लागल्यास बदलून घ्यावी; ती कायमची नाही. न्हाणीघराच्या खिडकीच्या काचेची आतली बाजू खडबडीत असल्याने तेथे फिल्म बसत नाही. ती काच साधीच आहे. लहान मुलांना तिच्यापासून जपावे. व्हरांड्यांविषयीच्या तक्रारीचा क्रमांक मागे दिला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. कृपया पाठपुरावा करावा.’ खाली सही केली, तारीख घातली, आणि सही सहसा कोणाला वाचता येत नाही म्हणून कंसात पूर्ण नाव आणि फोनचा क्रमांकही लिहिला.